भाऊजींचा भोंगा

आमचे धाकटे दीर मालधक्क्यावर क्रेन चालवतात. राहतात आमच्याच घराच्या वरच्या खोलीत आणि कामावरही बसतात वरच, म्हणून आमचे हे त्यांना ‘वरचा’ म्हणतात. “वरच्याला हाक मार, ताटं वाढलीत,” असं ह्यांनी म्हटलं की मी दर वेळी सांगते, “अहो, त्या नावाने मी सकाळ-संध्याकाळ दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारते, जरा जपून बोला.” मी त्यांना भाऊजी म्हणते, इथेही तेच लिहिते. रोजच्या वहीत माझ्या दोन-चार ओळी होतात, पण ह्या माणसाबद्दल एकदा सवडीने लिहायचं मनात होतं. आता त्याला निमित्तही झालं आहे.

भाऊजी बोलत नाहीत. घुमे नव्हेत, माणूसघाणेही नव्हेत. विचारलं तर उत्तर देतात, पण एका शब्दाचं. दुसरा शब्द लागलाच तर आधी माझ्याकडे अशा नजरेने बघतात की मलाच वाटतं, कशाला विचारलं.

काम त्यांना स्वभावासारखंच मिळालं. क्रेनची केबिन उंचावर. चहूबाजूंनी काच, आत एकट्याला बसता येईल एवढी जागा, बाजूला पाण्याची बाटली. वारा आणि इंजिन मिळून एवढा आवाज करतात की खालून कुणी बेंबीच्या देठापासून ओरडलं तरी वर ऐकू जायचं नाही. म्हणून खाली एक माणूस उभा असतो, खुणावाला. त्याने बोट वर करून गोल फिरवलं की ओझं उचलायचं, तळहात खाली दाबला की उतरवायचं, मूठ आवळली की जागच्या जागी थांबायचं. जहाजाच्या पोटात गेलेला हुक वरून दिसतच नाही. खुणावाला दाखवेल तेच खरं, स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. भाऊजींना फक्त एकच मुभा. ओझं जड वाटलं तर पायाशी भोंग्याचं बटण असतं, ते दाबायचं. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक पेटी आपटलेली नाही. धक्क्यावरचे लोक म्हणतात, हा माणूस अंडंसुद्धा उतरवेल आणि ते फुटणार नाही.

माझी जाऊ होती तेव्हा ती वरच स्वयंपाक करायची. हाताला चव होती तिच्या. दुपारी खाली आली की सांगायची, “वहिनी, काल एवढं मन लावून केलं, विचारलं कसं झालंय, तर म्हणतात, झालंय. अहो, झालंय ते मलाही दिसतंय की!” सांगायची हसत, पण दर वेळी सांगायची. ती आजारपणात गेली, आणि तेव्हापासून भाऊजी आमच्यात जेवतात. पानात पडेल ते मुकाट्याने खातात, ताट धुतल्यासारखं स्वच्छ करतात, आणि उठून जिना चढतात.

गेल्या वर्षी कंपनीच्या दवाखान्यात तपासणी झाली आणि साखर भलतीच निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली, ती चालू झाली, पण पुढच्या तपासणीत आकडा होता तिथेच. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं की वर बसलेल्या माणसाला चक्कर येऊन चालत नाही, त्याच्या हुकाखाली माणसं असतात. पुढच्या वेळेपर्यंत साखर आटोक्यात आली नाही तर केबिन बंद, खाली गोदामात काम.

हे सगळं आम्हाला कळलं ते त्यांच्या खुणावाल्याकडून. तो बाजारात भेटला. भाऊजींनी घरी सांगितलं होतं एवढंच, “भात कमी वाढा.”

मी त्या संध्याकाळी विचारलं, “भाऊजी, केबिन जायची वेळ आलीय आणि तुम्ही मला भात कमी वाढा सांगताय?”

“हो.”

“गोदामात काय करणार तुम्ही? तिथे दिवसभर माणसांशी बोलावं लागतं.”

ते ताटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तेच.” त्या एका शब्दात त्यांना काय वाटत होतं ते सगळं आलं. 

आमची लेक दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. तिच्या खोलीत एक थाई मुलगी राहते. मी फोनवर सांगितल्याबरोबर लेक म्हणाली, “आई, काकाला उकडलेल्या भाज्या देऊन त्याचे हाल करू नकोस. ही रोज रात्री चिकन आणि भाज्या परतते, दहा मिनिटांत होतं आणि असं चटकदार लागतं! भात नको, नूडल्स नकोत. तिची आई साखरेची चिमूट टाकते, ती आपण टाकायची नाही.” मग व्हिडिओ लावून तिने ते सगळं करून दाखवलं. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची. तेलात ठेचलेला लसूण आणि लाल मिरची, लगेच चिकनचे पातळ काप, मग चवळीच्या शेंगा, ढोबळी मिरची, मशरूम. त्यावर सोया सॉस आणि माशांचा सॉस. शेवटी जांभळ्या देठांची, बडीशेपेसारख्या वासाची तिकडच्या तुळशीची पानं आणि लिंबू. भाताच्या जागी खाली बारीक चिरलेल्या कोबीचा थर. त्या मुलीचे हात असे चालत होते की मला दोनदा मागे नेऊन बघावं लागलं.

माशांच्या सॉसची बाटली घरात आली तेव्हा ह्यांनी बूच उघडून वास घेतला आणि बाटली लांब धरून म्हणाले, “हे औषध पोटात घ्यायचं की सांध्यांना चोळायचं?”

भाऊजी म्हणाले, “मी करतो.”

मी म्हटलं, “तुम्ही? भाऊजी, तुम्ही आजवर पाणी तरी तापवलंय का?”

“केबिन माझी आहे,” भाऊजी म्हणाले. लागोपाठ दोन वाक्यं म्हणजे त्यांच्या मानाने भाषणच. मी बाजूला झाले.

पहिल्या दिवशीचं काही विचारू नका. चिरण्यात ते काही कमी नव्हते, काप असे एकसारखे की मापाने कापल्यागत. पण परतायला उभे राहिले आणि ताटली कढईवर धरून एकेक काप खाली उतरवायला लागले. आपटायचं नाही, हिसका द्यायचा नाही, अलगद टेकवायचं. गॅसही मंद. शेंगा उतरवून होईपर्यंत चिकनला पाणी सुटलं, मशरूमने त्यात आपलं ओतलं, आणि कढईत सगळं तरंगायला लागलं. हे डोकावून म्हणाले, “परततोयस की आंघोळ घालतोयस रे?”

दुसऱ्या दिवशी मी गॅस मोठा करून दिला. लसूण तडतडायला लागला आणि भाऊजी चिकनची ताटली हातात घेऊन तसेच उभे. लसूण तांबूस झाला, काळा झाला, तरी उभेच. चिमणी एवढा आवाज करते की मी दारातून “टाका, टाका!” ओरडले ते त्यांना ऐकूच गेलं नाही. शेवटी मी हात वर करून तळहात खाली दाबला, आणि तत्क्षणी चिकन कढईत पडलं!

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस आळशी नव्हता की घाबरलेला नव्हता. खुणेची वाट बघत होता.

“अहो भाऊजी, स्वयंपाकात कुणी खूण करत नसतं. आपलं आपण बघायचं.”

“मला बघता येत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही खूण करा.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून मी दारात खुणावाली. तळहात खाली म्हणजे टाका. बोट गोल फिरवलं की परता, जोरात फिरवलं की जोरात परता. मूठ म्हणजे गॅस बंद. कढई कधी पुरेशी तापली ते मला आवाजावरून कळतं, लसूण कधी पुरे झाला ते वासावरून. भाऊजींना त्यातलं काही कळत नव्हतं, पण खूण झाली आणि हात हलला ह्यात डोळ्याची पापणी लवायला वेळ नाही. चार-सहा दिवसांत कढईतून असा खमंग वास यायला लागला की शेजारीण विचारायला आली, पाहुणे आलेत का म्हणून. हे आपले आमटी-भात कालवता कालवता तिरप्या नजरेने त्या कढईकडे बघायचे. पण ते मोजकंच असायचं, फक्त भाऊजींपुरतं, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असा मीच दंडक घातला होता.

माझ्या स्वयंपाकघराचा आणखी एक नियम आहे. शिजत असताना चाखायचं नाही. केलेल्या अन्नाचा पहिला घास देवाचं नाव घेऊन बाजूला काढायचा, मग बाकीच्यांनी जेवायचं. त्याच्या आधी आपली जीभ पुढे करायची नाही. लग्नाआधीपासून मी हेच करत आले. मीठ माझ्या बोटांना कळतं, जिभेला विचारावं लागत नाही. भाऊजी दुसऱ्याच्या कामाच्या जागेचे नियम पाळणारे, त्यांनी तेही पाळलं. एक तुकडा काढून मी खिडकीत ठेवायचे. तो मागच्या भिंतीवरची मांजर खायची, आणि खाल्ल्याबरोबर कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी लपालपा प्यायची. मी म्हणायचे, मिरची लागली बिचारीला.

भाऊजींचा पट्टा एक भोक आत गेला. चेहऱ्यावर तरतरी आली. तपासणीच्या दिवशी मी सकाळची प्रार्थना जरा लांबवली, आणि ते निघाले तेव्हा मीही दारापर्यंत गेले. ह्यांनी मागून ओरडून सांगितलं, “डॉक्टरांना त्या बाटलीचा वास देऊ नकोस, तेच आडवे होतील!”

दुपारी परत आले ते नेहमीसारखेच. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

“साखर?” मी विचारलं.

“उतरली. छान म्हणाले.”

“अहो मग पेढे... नाही, पेढे नकोत. पण हसा तरी!”

“रक्तदाब चढलाय,” भाऊजी म्हणाले. “केबिन सध्या बंद.”

 साखरेला दारातून हाकललं आणि हे खिडकीतून आत आलं. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, मीठ किती खाता? भाऊजींनी सांगितलं, वरून कधीच घेत नाही. आणि ते खरंच होतं. ताटात वाढलेल्याला ह्या माणसाने कधी चिमूटभर काही लावून घेतलेलं नाही. डॉक्टर बुचकळ्यात पडले. महिन्याभराने पुन्हा या म्हणाले, तोवर वर चढायचं नाही. त्यातल्या त्यात नशीब एवढंच की गोदामात जागा नव्हती, म्हणून त्यांना धक्क्यावरच खुणावाल्याच्या जागी उभं केलं. वर केबिनमध्ये एक नवा चालक.

त्या संध्याकाळी भाऊजींना भूक नव्हती. कढईतलं तसंच राहिलं. आमचे हे किती दिवस टपलेलेच होते. “वाया कशाला घालवायचं,” म्हणून त्यांनी मोठा घास घेतला, आणि मग तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिले.

“काय झालं? तिखट आहे का?”

“तिखट?” पाण्याचा पेला एका दमात रिकामा करून हे म्हणाले, “अगं, हा समुद्र आहे समुद्र! ह्यात जहाज चालेल!”

देवाचा घास काढून झालेला होता, म्हणून मी एक शेंग तोंडात टाकली. खारट म्हणजे जीभ आत ओढली गेली. मी तशीच लेकीला फोन लावला. ती म्हणाली, “आई, तू वरून मीठ घालतेस? अगं, दोन्ही सॉस म्हणजे मीठच की! तिने घातलेलं बघितलंस का तू?”

“तिने घातलं नाही, पण ‘घालू नकोस’ असं तूही म्हणाली नाहीस. मीठ काय कुणी सांगावं लागतं? ते धरलेलंच असतं.”

हे असं झालं होतं. भाज्या पडल्या की मी दारातून अंगठा बोटावर चोळून दाखवायचे, मीठ. ते टाकायचे. मग मी बाटलीची खूण करायचे, तीही ओतायचे. आणि ते ताटभर खारवण हा माणूस रोज रात्री निमूट संपवत होता.

मी जिन्याच्या पायथ्याशी जाऊन हाक मारली. भाऊजी खाली आले.

“भाऊजी, हे खारट आहे.”

“हो.”

“तुम्हाला कळत होतं?”

“हो.”

“पहिल्या दिवसापासून?”

“मला वाटलं, तिकडचं असंच असतं. आणि खूण तुमची होती.”

मला हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा कळेना. मी म्हटलं, “खूण माझी होती, कबूल. पण केबिनमध्ये ओझं जड वाटलं की तुम्ही भोंगा वाजवता ना? मग इथे का नाही वाजवलात?”

भाऊजी खरोखर चकित झाले. “तुमच्या स्वयंपाकघरात? तुमच्यावर भोंगा?”

“का? मी काय मोडून पडणार होते?”

 हे मध्येच म्हणाले, “मांजर बिचारी रोज सांगत होती, तिचं कुणी ऐकलं नाही.” त्यावर मात्र मी ह्यांना झाडूच दाखवला.

दुसऱ्या दिवसापासून मिठाचा डबा कढईच्या जवळही येऊ दिला नाही. माशांचा सॉस नावापुरता चमचाभर, सोया सॉस कमी मिठाचा मिळतो तो आणला, लसूण आणि लिंबू वाढवलं. पण चवीचा अंदाज कुणाला? माझ्या बोटांना ह्या बाटल्या कळत नाहीत, हे आता सिद्धच झालं होतं. शेवटी मी देवापुढे बसून विचार केला आणि एक तोड काढली. चिकन शिजलं की देवाचा घास मधेच काढून ठेवायचा, म्हणजे पुढे भाऊजींना चाखायला मोकळीक. माझा नियमही राहिला. देवाची हरकत असेल असं वाटत नाही. इतके दिवस खारट घास घेऊनही तो काही बोलला नव्हता.

पण चाखून भाऊजी सांगायचे काय? “ठीक.” दुसऱ्या दिवशी, “ठीक.” मला पुन्हा धास्ती वाटायला लागली.

इकडे धक्क्यावर त्यांची दशा निराळीच चालली होती. संध्याकाळी यायचे ते खांदे धरून. एक दिवस खुर्चीत बसले ते बूट न काढताच. मी पाणी दिलं. पाणी पिऊन आपण होऊन बोलायला लागले. मी ओट्याशी होते, पण हातातलं काम थांबवलं, वळून मात्र बघितलं नाही. बघितलं असतं तर गप्प झाले असते.

“वहिनी, वरचा नवा आहे. मी दाखवतो तसं करतो. चुकत नाही. पण मला भीती वाटते.”

“कसली?”

“मी खाली उभा. ओझं किती जड, ते त्याच्या हाताला कळतं, मला नाही. तो काही वाजवत नाही. मला वाटत राहतं, मी चुकीची खूण करतोय आणि हा मुकाट्याने ऐकतोय. आज वाजवला त्याने. पेटी ओली होती, जड झाली होती. भोंगा ऐकला आणि...” शब्द शोधत ते थांबले. “बरं वाटलं. राग नाही आला. बरं वाटलं.”

 मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “ती विचारायची, कसं झालंय. मी झालंय म्हणायचो. मला वाटायचं, नाव ठेवलं नाही म्हणजे मान ठेवला.”

एवढं बोलून भाऊजी बूट काढायला वाकले. मीही पुन्हा कोबी चिरायला घेतला. पण माझ्या जावेची ती हसत सांगितलेली तक्रार आज कुठेतरी पोचली, असं मला वाटलं. मनातल्या मनात तिला कळवूनही टाकलं.

त्याच संध्याकाळी कढईपाशी चिकनचा घास काढून झाल्यावर भाऊजींनी चमचा तोंडात घातला. मग तोच चमचा कढईच्या काठावर ठण्णकन वाजवला. मी दारात दचकले.

“काय झालं?”

“आंबट. लिंबू जास्त.”

“बरं,” मी म्हटलं, “उद्या अर्धंच पिळा.” आणि तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. चिमणीत धूर नीट जात नव्हता, असं ह्यांना सांगितलं.

मग ती सवयच झाली. कधी ठण्ण, मिरची कमी. कधी ठण्ण, शेंगा कच्च्या. मी दारातून खूण करायचे आणि कान त्या चमच्याकडे लावायचे. चवीचं गणित दोघांनी मिळून बसवलं. ठरलेल्या दिवशी भाऊजी दवाखान्यात गेले. मी प्रार्थना लांबवली नाही, नेहमीएवढीच केली, कारण मागच्या वेळी लांबवून काय झालं ते बघितलं होतं. दुपार टळली तरी ते आले नाहीत. माझा जीव टांगणीला. संध्याकाळी आपली पाळी संपवून त्यांचा नेहमीचा खुणावालाच सायकल थांबवून दारातून ओरडला, “वहिनी, साहेब थेट वर चढलेत! रक्तदाब उतरला, डॉक्टरांनी सही केली. जेवायला उशीर होईल म्हणून सांगायला सांगितलंय.”

“त्यांनी एवढं लांबलचक सांगितलं?”

“छे! वर चढताना हाताने घास दाखवला आणि घड्याळ दाखवलं. बाकीचं मी जुळवलं.”

भाऊजींची कढई आता आठवड्यातून बरेचदा तापते. गोळी चालूच आहे, तपासण्याही. बाकीच्या दिवशी ते आमच्यातलंच खातात, भात नावाला. परवा मी नेहमीची वांग्याची भाजी केली होती. लग्न झाल्यापासून मी ती करते आणि कुणी आजवर तिला नाव ठेवलेलं नाही. सगळे जेवायला बसले. मी वाढून खाली बसते न बसते तोच भाऊजींनी चमचा पेल्यावर वाजवला. ठण्ण.

ह्यांचा घास हातातच राहिला. 

“वहिनी,” भाऊजी म्हणाले, “भाजी अळणी आहे.”

मी एक घास घेतला. अळणीच होती. त्या सॉसच्या भानगडीपासून माझा हात मिठाला बिचकायला लागला होता आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

“वरचा बोलायला लागला,” हे म्हणाले. “आता आपली धडगत नाही.”

मी उठून मीठ आणलं.